वंदनाताईंची पळती तारीख

“मॅडम, तारखेच्या रकान्याला हात लावायचा नाही. कामाला काम जोडा. कशाच्या नंतर काय, एवढंच प्रोग्रामला सांगा. तारीख तो आपली आपण काढतो.”

पुण्याहून शिकवायला आलेल्या आदिनाथ सरांचं हे वाक्य वंदनाताईंच्या मनात असं बसलं, की सकाळी पोथी वाचताना ते ओवीच्या मधेच ऐकू यायला लागलं. वंदनाताई जालन्यातल्या एका बियाणांच्या कंपनीत होत्या, माल रवाना करायच्या खात्यात. कंपनीनं सगळ्यांना कामाचं नियोजन करायचं सॉफ्टवेअर शिकवायला घेतलं होतं. शिकवून झाल्यावर सर म्हणाले, “आता घरच्या एखाद्या छोट्या कामावर सराव करा. सहल, वाढदिवस, असं काहीतरी.” बाकीच्यांनी वाढदिवस घेतले. वंदनाताईंनी संडास घेतला.

त्याला कारण होत्या त्यांच्या आई, गिरिजाबाई. त्या आष्टीला एकट्या राहायच्या. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता रेंगाळलात तर डोळा हातचा जाईल. ऑपरेशन जालन्याला, त्यानंतर मुक्काम लेकीकडे, असं ठरत होतं. पण गिरिजाबाईंचे गुडघे वाकत नव्हते आणि जालन्याच्या मस्तगड भागातल्या वंदनाताईंच्या घरी मागच्या बाजूला जुन्या पद्धतीचं, उकिडवं बसायचं भांडं होतं. त्यात गिरिजाबाई जुन्या वळणाच्या. लेकीच्या घरी चहा घ्यावा आणि परतीची गाडी धरावी, एवढंच त्यांना मान्य. वंदनाताईंनी दोन वर्षं विनवण्या केल्या तेव्हा कुठं त्या फोनवर म्हणाल्या,

“येते बाई. पण तारीख एकदाच सांग. मी पेटी भरून बसंन. मंग फिरवायची न्हाई. माझा जीव लई मुश्किलीनं तयार झालाय. एकदा खाली बसला तर परत उठायचा न्हाई.”

“माय, सांगीन त्या दिवशी मी स्वतः घ्यायला येईन,” वंदनाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू, की निम्मी माणसं हॅलो हॅलो करून फोन ठेवून देत. गिरिजाबाईंना मात्र त्यांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. काही शब्द तर त्या जन्मभर लक्षात ठेवायच्या.

झालं. वंदनाताई अंघोळ, पूजा, तुळशीची प्रदक्षिणा आटोपून लॅपटॉपसमोर बसल्या आणि एकेक काम लिहीत गेल्या. जुनं भांडं काढणे. पाइप टाकणे. सिमेंट. सिमेंटवर पाणी मारणे. फरशी. कमोड. दार. रंग. मग कामाला काम जोडलं, तसे पडद्यावर छोटे छोटे बाण उमटले आणि सगळ्यात खाली, कुणी न सांगता, एक तारीख येऊन बसली. अक्षय्य तृतीयेच्या अगदी तोंडावरची. वंदनाताईंच्या अंगावर काटा आला. पंचांगातली तिथी तरी आपण कुठं ठरवतो? ती येते. तशीच ही आली. त्यांनी पडद्यालाच मनातल्या मनात नमस्कार केला आणि आईला फोन लावून तारीख सांगून टाकली.

त्यांचे यजमान सोमेश्वरराव यांचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान. त्यांचा तारखांशी आयुष्यभराचा झगडा होता. ते चहा फुंकत म्हणाले, “मी व्यापाऱ्याला तारीख सांगतो आन माल त्याला पाहिजे तवा येतो. हे तुझ्या मशिनीला म्हाईत हाये का?”

“अहो, तिला आपण जे सांगू ते तिला म्हाईत असतं.”

“मंग सांग की सगळं.”

सोमेश्वररावांनी हे चेष्टेनं म्हटलं होतं. पण वंदनाताईंनी आयुष्यात कुणाशी खोटं बोललेलं नव्हतं, आणि लपवणं म्हणजे खोटंच, असं त्यांचं मत. मशिनीपासूनही काही लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पुढं जे झालं ते या सचोटीमुळे झालं.

पहिली बातमी शेजारच्या अप्पारावांनी आणली. अप्पाराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. ते कुंपणावरून म्हणाले, “वंदनाताई, नाली जोडायची परवानगी काढली का? बिना परवानगी काम म्हणजे बिलकुल न्हाई. पालिकेत मी सांगतो त्या टेबलाला जा.”

वंदनाताई त्या टेबलाला गेल्या. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज पाहिला आणि विचारलं, “जोडणी झाल्याचा फोटो कुठाय?”

“साहेब, जोडणीच्या परवानगीचा अर्ज आहे हा.”

“बराबर. फोटोशिवाय परवानगी देता येत नाही.”

“आणि परवानगीशिवाय जोडणी?”

“छे, ते तर नियमाबाहेर,” साहेब अगदी दुखावल्यासारखे म्हणाले.

घरी येऊन वंदनाताईंनी हे जसंच्या तसं मशिनीला सांगितलं. परवानगी फोटोनंतर, फोटो जोडणीनंतर, जोडणी परवानगीनंतर. मशिनीनं पहिल्यांदाच नकार दिला. ही कामं एकमेकांच्या मागं गोल फिरत आहेत, असं काही जमणार नाही, असा निरोप पडद्यावर आला. वंदनाताईंना तो इतका लागला, की त्यांनी लॅपटॉप मिटून थोडा वेळ जप केला.

“मशीन चुकून राह्यली,” अप्पाराव म्हणाले. “आमच्या ऑफिसात हे असंच चालतं, आन मस्त चालतं. माझ्या संडासाचा फोटो लावा. दिसायला सगळे सारखेच असतात.”

खोटा फोटो लावायचा म्हणताच वंदनाताईंनी दोन दिवस अर्जाला हातच लावला नाही. शेवटी त्यांनी फोटो लावला, पण खाली बारीक आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘हा संडास आमचा नसून शेजारचे श्री. अप्पाराव यांचा आहे.’ साहेबांनी न वाचता शिक्का मारला. परवानगी मिळाली. मात्र या भानगडीत अक्षय्य तृतीया निघून गेली होती आणि तारीख बाणांच्या टोकाला लोंबकळत पुढं सरकली होती.

वंदनाताईंनी आष्टीला फोन केला.

“फिरली?” गिरिजाबाई म्हणाल्या.

“थोडी सरकली, माय.”

“मी पेटीतून लुगडी काढली बघ परत.”

मग आला पाण्याचा मुद्दा. सिमेंटवर पाणी मारायचं तर पाणी पाहिजे, आणि जालन्यात पाणी म्हणजे नळ येणे. वंदनाताईंनी प्रामाणिकपणे नवं काम टाकलं: ‘नळ येणे.’ पण नळ कशानंतर येतो? हे कुणालाच सांगता येईना. गल्लीत त्यांनी चौकशी केली. कुणी म्हणालं मोटर दुरुस्त झाल्यावर, कुणी म्हणालं वरची गल्ली भरल्यावर. अप्पारावांच्या पत्नी पुष्पाबाई यांनी मात्र एका क्षणात उत्तर दिलं. “आधी लाइट जाते. मंग नळ येतो. म्हणजे मोटर लावता येऊ नये म्हणून.” वंदनाताईंनी ‘लाइट जाणे’ लिहिलं, त्याला ‘नळ येणे’ जोडलं, त्याला ‘पाणी मारणे’ जोडलं. बाण किती सुंदर दिसत होते! आणि तारीख धावत जाऊन अधिक मासात पडली.

“अगं बाई!” पुष्पाबाईंनी कपाळावर हात मारला. “अधिकात बांधकाम? असलं कुणी करतं का? अन ईशान्येला तर नाही ना काढलाय तुम्ही? ईशान्येला काढला तर घरातल्या पुरुषाचं वजन वाढून राहतं. आमच्याकडं बघा.”

वंदनाताईंनी अप्पारावांकडे बघितलं. मग त्यांनी अख्खा अधिक मास सुट्टीचा केला. तारीख तिथून उडाली ती आषाढात. आषाढात उतरल्यावर चातुर्मास लागला, आणि चातुर्मासात वंदनाताईंचे नेम वाढतात, हे तर मशिनीला सांगायला हवंच होतं. ते सांगितलं. तारीख श्रावण ओलांडून, गणपती ओलांडून, पितृपक्षाच्या डोक्यावरून उडी मारून थेट दिवाळीच्या पलीकडं तुळशीच्या लग्नाला जाऊन थांबली.

सोमेश्वरराव मागं उभे राहून बघत होते. “मिस्त्रीचं काम किती दिवसांचं?”

“चार-पाच दिवसांचं.”

“मंग आपण ताजमहाल का बांधून राह्यलो?”

आष्टीचा फोन या वेळी लवकर उचलला गेला आणि वंदनाताईंनी नवी तारीख सांगितली.

“तुळशीचं लगीन,” गिरिजाबाई म्हणाल्या. “तोवर मला तुळस दिसंल का वंदा?”

त्या रागावल्या असत्या तर वंदनाताईंनी सहन केलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. फोन ठेवल्यावर वंदनाताई देवघरापुढं बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांना मशिनीचा राग आला. राग येणं हेही त्यांच्या नेमात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचं प्रायश्चित्त म्हणून दुपारचा चहा सोडला आणि सगळा प्लॅन आदिनाथ सरांना पाठवून दिला. चूक कुठं झाली ते सांगा, एवढंच लिहिलं.

सरांचा फोन आला तो गंभीर आवाजात. “मॅडम, तुमच्या कंपनीत आठवड्यात दोनच दिवस काम चालतं का?”

“नाही सर. का?”

“तुमच्या कॅलेंडरात फक्त बुधवार आणि शुक्रवार कामाचे आहेत. तेही सगळे नाहीत.”

“हो सर. तुम्हीच म्हणालात ना, ज्या दिवशी काम होत नाही ते खरंखरं भरा. सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवारी मिस्त्री येत नाही. बुधवारी-शुक्रवारी एकादशी, चतुर्थी किंवा प्रदोष आला तर तो मी गाळलाय. घरात ठोकाठोकी चालू असली की जप मोडतो.”

मग सरांनी फार सांभाळून विचारलं, “मॅडम, हे उपास... मिस्त्री पण करतात का?”

वंदनाताईंनी कचरू मिस्त्रीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. परवाच त्यांनी त्याला मोंढ्याच्या कोपऱ्यावर उभ्या उभ्या भज्यांची प्लेट रिचवताना पाहिलं होतं. तो दिवस चतुर्थीचा होता.

“नाही सर,” त्या इतक्या हळू म्हणाल्या, की सर हॅलो हॅलो करत राहिले.

उपास कॅलेंडरातून काढताना त्यांना अपराधी वाटलं. प्रत्येक वार काढण्याआधी त्यांनी त्या त्या देवाची मनोमन परवानगी घेतली. जप देवळात जाऊन करीन म्हणाल्या. देवांनी फोटो मागितला नाही. आणि काय सांगावं! तारीख तुळशीच्या लग्नातून उठली ती मागं मागं पळत सुटली, पितृपक्षातून, श्रावणातून, आषाढातून, आणि अधिकाच्या अलीकडं, ऐन वैशाखात येऊन धापा टाकत उभी राहिली. वंदनाताई टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या.

इथंच थांबायला हवं होतं. पण माणसाला एकदा मागं पळणारी तारीख दिसली की आणखी पळवावीशी वाटते. वंदनाताईंनी सहज म्हणून दार आणि फरशी यांच्यामधला बाण पुसून पाहिला. दार बसवायला फरशी वाळायची वाट का बघायची? दार तर भिंतीला असतं! तारीख आणखी अलीकडे आली. मग रंगाचा बाण पुसला. मग पाइपाचा. प्रत्येक बाण पुसला की तारीख खुदकन हसून पुढ्यात येई. त्या खोडकर मुलीसारख्या बाण पुसत सुटल्या, आणि शेवटी पडद्यावर एकही बाण उरला नाही. सगळी कामं बुधवारी सकाळी सुरू आणि गुरुवारी सगळं तयार.

“शुक्रवार,” त्यांनी आईला सांगितलं. “शुक्रवारी घ्यायला येते. शनिवारी सकाळी डॉक्टरांनी वेळ दिलीय.”

“शुक्रवार,” गिरिजाबाई सावकाश म्हणाल्या. “ऐक वंदा. पेटी भरते. पण ही जर का फिरली, तर मंग मला बोलवूच नको. डोळ्याचं काय व्हायचं ते हितंच होईल.”

वंदनाताईंनी त्यानंतर मशिनीच्या सांगण्याप्रमाणे सगळ्यांना बुधवारी सकाळचं बोलावलं. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांनाच.

बुधवारी आधी कचरू मिस्त्री आला. त्याच्या पाठोपाठ कडूबा प्लंबर. मग फरशीवाला, मग दारवाला दार डोक्यावर घेऊन, मग रंगवाला शिडी घेऊन, आणि लाइटवाला कशाला आलाय ते त्यालाच ठाऊक नव्हतं. जागा होती कपाटाएवढी. कचरू जुनं भांडं फोडायला लागला. कडूबा त्याच्या पायांमध्ये बसून पाइप मोजत होता. दारवाल्यानं चौकट उभी केली, तर कडूबा आतल्या आत अडकला. रंगवाल्यानं पाहिलं की पाइपासाठी भिंत अजून फोडायचीये, पण त्याला दुपारी दुसरं काम होतं, म्हणून त्यानं तिला पहिला हात देऊन टाकला.

“ओ पेंटर! ही भिंत मी फोडणार हाये!” कचरू ओरडला.

“फोडा की. जरा वाळू द्या.”

“कडूबा, तू बाहेर हो, मंग मी फोडतो.”

“मी बाहेर कसा होऊ? दार लावून राह्यले ना हे!”

“जरा थांबा,” वंदनाताई म्हणाल्या. कुणालाही ऐकू गेलं नाही. “अहो, जरा एकेक जण,” त्या पुन्हा म्हणाल्या. फरशीवाला म्हणाला, “ताई, चहा सांगितला का?”

तेवढ्यात लाइट गेली. पुष्पाबाई ओट्यावरून ओरडल्या, “नळ येणार! नळ येणार!” आणि खरोखर नळ आला. अख्ख्या आठवड्यात न आलेला नळ नेमका त्या क्षणी, सगळ्या दाबानिशी, कडूबानं नुकत्याच सोडवलेल्या पाइपातून आला. कडूबा आत, पाणी आत, दार बाहेरून पक्कं. पाण्याला वाट मिळाली ती खालच्या फटीतून, कुंपणाखालून, थेट अप्पारावांच्या ओसरीत. तिथं ते पेपर वाचत बसले होते. त्यांची एक चप्पल वाहत गेटपर्यंत गेली.

“वंदनाताई!” अप्पाराव खुर्चीवर पाय घेऊन गरजले. “ह्याची परवानगी कुणी दिली?”

कडूबाला वरच्या झरोक्यातून बाहेर काढायला शेवटी पेंटरची शिडी कामाला आली. त्यानं डोक्यावरचं पाणी निथळत मोठ्या शांतपणे एवढंच विचारलं, “ताई, आपल्यात पहिला नंबर कुणाचा होता?” वंदनाताईंना रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही आवरायला पदर एकच होता. लाइटवाला जाताना म्हणाला, “मला बोलवलं का होतं ते कळलं की फोन करा.”

त्या दिवशी सोमेश्वरराव दुकान लवकर बंद करून आले. बायकोची थट्टा करायची त्यांची पूर्ण तयारी होती. पण चिखलात उभ्या असलेल्या, पदर खोचलेल्या, चेहरा पांढरा पडलेल्या वंदनाताईंना बघून त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि घमेलं उचललं. अप्पारावांची ओसरी त्यांनीच पुसली. गुरुवारी कचरू आणि कडूबा दोघंच आले, एकामागून एक, भांडत का होईना. पाइप गेला, सिमेंट पडलं, संध्याकाळपर्यंत पांढरं शुभ्र कमोड जागेवर बसलं. फरशी अर्धी. भिंत अर्धी रंगीत. दार फुगलं होतं, ते लागत नव्हतं.

“दोन दिवस कुणी बसू नका यावर,” कचरूनं बजावलं. “सिमेंट ओलं हाये. हललं तर परत सगळं काढावं लागंल.”

शुक्रवारी पहाटे वंदनाताई पूजा करून लॅपटॉपपुढं बसल्या. पुसलेले बाण त्यांनी एकेक करून पुन्हा काढले, अगदी खरे, काही न लपवता. तारीख आली सोमवारची. मग त्यांना आठवलं की सरांनी जाता जाता आणखी एक गोष्ट दाखवली होती: एखादी तारीख खिळा मारल्यासारखी पक्की करता येते. त्यांनी रकान्यात जाऊन स्वतःच्या हातानं ‘शुक्रवार’ लिहिलं. लगेच सगळ्या पडद्यावर लाल रेघा उमटल्या. हे शक्य नाही, असं त्या सांगत होत्या.

“ते मलाही दिसतंय बाई,” वंदनाताई पडद्याला म्हणाल्या.

पण त्या घाबरल्या नाहीत. इतकी वर्षं व्रतं केली, त्यात कधी असं झालं नव्हतं, की पुरण शिजलं नाही म्हणून पौर्णिमा दोन दिवस थांबली. तिथी यायची ती यायची. त्या दिवशी हातात जे असेल ते घेऊन पाटावर बसायचं, कमी पडेल त्याची देवाकडं क्षमा मागायची. आजवर त्यांनी हे शेकडो वेळा केलं होतं. मशिनीपुढं बसल्यावर मात्र त्यांना ते सुचलंच नव्हतं.

त्या उठल्या आणि कुंपणाशी गेल्या. अप्पारावांच्या ओसरीतलं पाणी अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. पुष्पाबाई तोंड फिरवून रांगोळी काढत होत्या.

“पुष्पाबाई, आमची आई आज येतेय. आमचं तयार नाही. सोमवारपर्यंत तुमच्याकडचं कमोड वापरू द्याल का तिला?”

हे मागायला त्यांना जेवढी लाज वाटली तेवढी बुधवारच्या पुरात वाटली नव्हती. पुष्पाबाईंनी रांगोळीचं बोट तसंच ठेवलं. मग म्हणाल्या, “फोटो सरकारात लावला तवा मला विचारलं होतं का? मंग आता काय विचारता. आणा त्यांना.” आतून अप्पारावांचा आवाज आला, “चप्पल आधी शोधून द्या म्हणावं!”

सोमेश्वरराव जागे होऊन दारात आले. “काय म्हणून राह्यली मशीन?”

“नाही म्हणते.”

“मंग आईला फोन केला?”

“कशाला? सांगण्यासारखं काही नाही. तारीख तीच आहे.”

सोमेश्वररावांनी पाण्याची बाटली भरून त्यांच्या पिशवीत ठेवली. वंदनाताईंनी देवापुढची समई शांत केली, पदर सारखा केला, आणि गल्लीतल्या कुणाला चाहूल लागू न देता फाटक लावून घेतलं. कोपऱ्यावर रिक्षावाला गाडी पुसत होता.

“स्टँडला,” त्या म्हणाल्या. “आष्टीची पहिली गाडी धरायचीय.”